जांभ्याच्या घरात अलार्मचा कीपॅड: जागा, उंची आणि भिंत

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात जांभ्याच्या चिऱ्यांचं नवं घर बांधून होत आलंय, आतला गिलावा आणि फरशीचं काम चालू आहे. घरात आई-वडील दोघंच राहणार, मुलगा नोकरीला पुण्यात. चोरीचा अलार्म बसवायला आलेल्या माणसानं कीपॅडची, म्हणजे कोड टाकायच्या बटणांच्या डबीची, खूण मुख्य दाराला लागून, पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीशेजारी केली आहे. जागा बरोबर आहे का, उंची किती ठेवावी, चिऱ्यात स्क्रू धरतील का, आणि दुहेरी टेपवर चिकटवला तर चालेल का, असं विचारलंय.

आधी उत्तर देतो, कारणं मागून. ती खूण पुसा. कीपॅड आतल्या, दोन खोल्यांमधल्या कोरड्या भिंतीवर घ्या, सोप्यातून माजघरात जाताना लागेल असा. मधला भाग तयार फरशीपासून साडेचार फुटांवर ठेवा. चिऱ्यात स्क्रू नक्की धरतात, पण साध्या विटेसारखं ड्रिल मारून नाही. टेप फक्त वायरलेस कीपॅडची जागा तपासण्यापुरती. आणि गिलावा अजून चालू आहे म्हणजे ही सगळी कामं आत्ता अगदी थोड्या खर्चात होतात, सहा महिन्यांनी तीच भिंत फोडून करावी लागतील.

पश्चिमेच्या भिंतीला माझा विरोध का ते सांगतो. आपल्याकडं पाऊस घाटाकडून येतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर जून ते सप्टेंबर भिंतीला ऊन बघायला मिळत नाही. जांभा सच्छिद्र दगड आहे, बाहेरून चांगला गिलावा आणि रंग असला तरी पश्चिमेची भिंत पाणी ओढते आणि ते आतल्या अंगाला हळूहळू येत राहतं. जांबोटीच्या पुढच्या एका घरात श्रावणात मी असाच पश्चिमेच्या भिंतीवरचा कीपॅड उघडला होता. घरच्या काकूंची तक्रार होती की रात्री तो आपोआप टिकटिक करतो. मागची प्लेट काढली तर तिच्यावर दव साचल्यासारखे बारीक थेंब होते, तांब्याच्या तारांची टोकं हिरवी पडली होती, आणि पाईपच्या तोंडातून मुंग्यांची रांग थेट सर्किटवर गेली होती. कीपॅडमध्ये दोष काहीच नव्हता. तोच कीपॅड स्वच्छ करून, नव्या वायरवर, आतल्या भिंतीला लावला आणि तो चालू लागला. या धंद्यात कीपॅड बिघडला म्हणून जेवढे फोन येतात, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी खरी बिघडलेली गोष्ट त्याच्या मागची भिंत असते.

भिंत ओल धरते का हे आत्ताच बघता येईल. एक फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला आले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला आले तर खोलीतली हवा दमट आहे, खिडक्या उघडून काम भागतं. नव्या गिलाव्यावर मात्र ही परीक्षा लगेच करू नका. त्यावर पाणी मारणं थांबून काही आठवडे जाऊ द्या, नाहीतर प्रत्येक भिंत ओलीच दिसेल.

खिडकीशेजारची जागा दुसऱ्या कारणासाठीही नको. कीपॅडवर एक दिवा असतो, अलार्म लावलाय की नाही ते तो सांगतो. खिडकीच्या जाळीतून किंवा दाराच्या काचेतून तो दिसला तर घरच्यांआधी परक्यालाच सगळं कळतं. बोटं कुठल्या आकड्यांवर जातात तेही दिसतं. जागा ठरवल्यावर रात्री आतला दिवा लावा, अंगणात आणि रस्त्यावर जाऊन उभे राहा आणि प्रत्येक खिडकीतून ती भिंत दिसते का पाहा.

आता एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे: पॅनल कुठं आहे? चांगल्या वायरिंगच्या सिस्टिममध्ये कीपॅड म्हणजे फक्त बटणं आणि पडदा. मेंदू, बॅटरी, सायरनची जोडणी हे सगळं पॅनलच्या पेटीत असतं आणि ती पेटी कोठीच्या खोलीत किंवा माळ्यावर नजरेआड बसते. अशा सिस्टिममध्ये चोरानं कीपॅड फोडला तरी पॅनल जागं राहतं, वेळ संपली की सायरन वाजतोच. पण स्वस्तातल्या काही सेटमध्ये कीपॅड, पॅनल, बॅटरी आणि सायरन सगळं एकाच डब्यात असतं. तो डबा दाराशेजारी लावला तर दार उघडल्यावर कोड टाकण्यासाठी मिळणाऱ्या अर्ध्या मिनिटात हातोडीचा एक घाव पुरतो. तुमचा सेट असा असेल तर दाराजवळ तो लावूच नका. आत, दारातून दिसणार नाही असा लावा आणि वेगळा सायरन वर छपराखाली घ्या.

कीपॅड आत नेला की दोन गोष्टी बदलतात आणि त्या बसवणाऱ्याला स्पष्ट सांगाव्या लागतात. पहिली वेळेची. मुख्य दार उघडल्यापासून कोड टाकेपर्यंत पॅनल जी सवलत देतं तिला एंट्री डिले म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती 30 ते 45 सेकंद ठेवतात. ही वेळ तरुण माणसाच्या चालीवर ठरवू नका. वडिलांच्या हातात बाजाराची पिशवी द्या, करंट गेलाय असं धरून घरातले दिवे बंद करा आणि त्यांना बाहेरून कुलूप काढून आत येऊ द्या. चप्पल काढणं, चष्मा शोधणं, भिंतीला हात लावत पुढं येणं, सगळं होऊ द्या. जेवढे सेकंद लागतील त्यावर दहा-पंधरा वाढवा. बाहेरच्या चॅनल गेटला सेन्सर लावला असेल तर तो एंट्री डिलेमध्ये धरू नका, कारण गेटचं कुलूप आणि दाराचं कुलूप काढण्यातच निम्मी वेळ संपते. वेळ मोजायला सुरुवात लाकडी दारापासून व्हावी.

दुसरी गोष्ट वाटेतल्या मोशन सेन्सरची, म्हणजे माणसाची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची. सोप्यात सेन्सर असेल तर आई दारातून कीपॅडपर्यंत त्याच्यासमोरूनच जाणार. तो सेन्सर तत्काळ प्रकारात टाकलेला असेल तर दार उघडून दोन पावलं टाकताच सायरन होतो. त्याला अशा प्रकारात टाकायचं की दार आधी उघडलं असेल तर तो वाट बघतो, आणि दार न उघडता कोणी दिसलं, म्हणजे खिडकीतून किंवा कौलं काढून आत आलं, तरच लगेच वाजतो. बहुतेक सगळ्या पॅनलमध्ये ही सोय आहे. कीपॅड दाराला चिकटून लावण्याचा आग्रह पुष्कळदा एवढ्यासाठीच असतो, की मग ही सेटिंग न करताही कसंबसं भागतं.

उंचीचं सांगतो. कीपॅडचा मध्य 4.5 ते 5 फुटांवर ठेवण्याची पद्धत आहे. तुमच्या घरी मी साडेचार सांगेन. पडदा डोळ्यांच्या किंचित खाली असला की अक्षरं नीट दिसतात, फार खाली गेला तर एलसीडी वरून बघताना पुसट होतो, आणि वयस्क माणसाला मान वाकवून बटणं शोधावी लागतात. घरात कुणी व्हीलचेअरवर असेल तर 4 फूट. पण हे फूट कशापासून मोजायचे, इथं नव्या घरात घोळ होतो. आज खाली कोबा दिसतोय. त्यावर फरशीखालचा माल आणि फरशी मिळून सहज दोन-तीन इंच चढतील. आज कोब्यापासून साडेचार फूट मोजून बॉक्स बसवलात तर राहायला जाताना तो सव्वाचार फुटांवर असेल. गवंड्यानं लेव्हल ट्यूबनं भिंतीवर चौफेर मारलेली रेघ अजून असेल, तिच्यापासून तयार फरशी किती खाली येणार ते त्यालाच विचारा आणि रेघेवरूनच वर मोजा.

दार उघडल्यावर फळी कुठल्या भिंतीला टेकते तेही बघून घ्या. फळीमागं गेलेला कीपॅड मी पाहिलाय: प्रत्येक वेळी दार अर्धं लावून मागं हात घालावा लागायचा. देव्हाऱ्याजवळ आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशीही नको, धूर आणि फोडणीचा तेलकटपणा बटणांच्या फटीत बसतो. न्हाणीघराच्या मागची भिंत तर नकोच, तिथं ओल आणि नळाचे पाईप दोन्ही.

आता चिरा. गिलावा केलेल्या भिंतीत ड्रिल चालवताना बाहेर येणाऱ्या भुकटीकडं लक्ष ठेवा. आधी राखाडी येते, तो सिमेंटचा गिलावा. मग ती लाल होते, तिथं चिरा सुरू झाला. किती खोलीवर रंग बदलला त्यावरून गिलाव्याची जाडी कळते, साधारण अर्धा ते पाऊण इंच. प्लास्टिकची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, या जाडीच्या पलीकडं, चिऱ्यात किमान दीड इंच गेली पाहिजे. नुसत्या गिलाव्यात धरलेली गिट्टी वर्षभरात पापुद्र्यासकट बाहेर येते. बिट बाहेर काढल्यावर त्याच्यावर कोरडी पूड असेल तर उत्तम. लाल चिखल चिकटून आला तर भिंत आतून ओली आहे, ती जागा सोडा.

चिऱ्यात ठोक्याचा, म्हणजे हॅमरचा, गिअर बंद ठेवा. नुसतं फिरवून भोक पाडा. जांभ्यात आधीच पोकळ्या असतात, ठोक्यानं त्यांच्या कडा ढासळतात आणि 6 मिलिमीटरच्या बिटचं भोक आत 10 चं होतं. मग गिट्टी गोल फिरत राहते आणि बसवणारा त्यात काडी किंवा कागद कोंबतो. ते करू देऊ नका. भोक मोठं झालंच तर भुकटी फुंकून काढा, घट्ट सिमेंटची खळ किंवा इपॉक्सी भरा, त्यात 8 मिलिमीटरची लांब गिट्टी दाबून बसवा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पिळा. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साधे स्क्रू आपल्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजतात आणि भिंतीवर तांबडा ओघळ येतो.

सोप्यातला चिरा काही लोक हौसेनं उघडाच ठेवतात, नुसते चिऱ्यांमधले सांधे भरून पॉलिश मारतात. दिसतं सुंदर. तिथं कीपॅड लावताना टॅम्परची अडचण येते. कीपॅडच्या मागं एक छोटी स्प्रिंग किंवा बटण असतं, ते भिंतीनं दाबलेलं राहतं. कीपॅड उपटला की ते सुटतं आणि पॅनलला खबर जाते. उघड्या चिऱ्याच्या खड्ड्यावर ती स्प्रिंग नेमकी आली की ती अर्धवट दाबली जाते, कधी लागते, कधी सुटते. मग मध्यरात्री खोटे अलार्म होतात आणि कंटाळलेली माणसं टॅम्परच बंद करून टाकतात. यावर उपाय असा: कीपॅडपेक्षा थोडा मोठा, 12 मिलिमीटर जाडीचा मरीन प्लायचा किंवा सागवानी तुकडा घ्या, त्याच्या कडांना वॉर्निश मारा आणि तो चिऱ्यात इपॉक्सी भरून स्क्रूनं पक्का बसवा. कीपॅड त्या तुकड्यावर. पण तुकड्याचे स्क्रू कीपॅडच्या खाली झाकले गेले पाहिजेत. ते बाहेर दिसत राहिले तर कुणीही तुकड्यासकट कीपॅड उचलेल आणि टॅम्पर लाकडाला टेकलेलाच राहील.

स्क्रू पिळताना पाणसळ लावून एक स्क्रू आधी सैल, मग दुसरा, मग दोन्ही हळूहळू. फार आवळले की प्लास्टिकची प्लेट मधे वाकते. वरचं झाकण मग एका कोपऱ्यात बसत नाही, आणि जबरदस्तीनं बसवलं तर एखादं बटण दाबलेलंच राहतं. झाकण हलक्या हातानं टक आवाज करून बसलं तर प्लेट सरळ आहे.

निपाणी-चिकोडीकडं जुन्या वाड्यांत पांढऱ्या मातीच्या जाड भिंती असतात. त्यात कुठलीच गिट्टी धरत नाही. तिथं मी लाकडी खांबाचा आधार घेतो, खांबावर फळी आणि फळीवर कीपॅड. निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्री यांचं वेगळं आहे: तिथली बारीक धूळ बटणांत शिरते, म्हणून कीपॅड ऑफिसच्या खोलीत, कामाच्या जागेत नाही. दुकानाला रोलिंग शटर असेल तर शटरच्या खोबणीच्या भिंतीवर लावू नये, शटरच्या धक्क्यानं स्क्रू सैल होतात.

वायरकडं येतो. कीपॅडला चार तारा लागतात, दोन वीजपुरवठ्याच्या आणि दोन संदेशाच्या. काही कंपन्यांच्या सिस्टिममध्ये तीनच. तुमच्या घरात पॅनल कोठीत आणि कीपॅड सोप्याच्या टोकाला, म्हणजे पाईपच्या वळणांसकट 30 मीटर अंतर धरू. जाऊन-येऊन 60 मीटर तार. पडद्यामागचा दिवा चालू असताना कीपॅड साधारण 150 मिलिअँपिअर घेतो असं धरा. बाजारातल्या बारीक, 0.2 चौरस मिलिमीटरच्या अलार्म वायरवर इतक्या अंतरात पाऊण व्होल्ट वाटेतच जातो. 0.5 ची घेतली तर एक तृतीयांश व्होल्ट. करंट असताना पॅनल 13.8 व्होल्टच्या आसपास देतं, तेव्हा फरक कळत नाही. पण वादळात तार तुटली आणि रात्रभर करंट आला नाही की पॅनलमधली 12 व्होल्टची बॅटरी उतरत 11 च्या जवळ येते. तेव्हा हाच पाऊण व्होल्ट नडतो आणि कीपॅड आपोआप बंद-चालू व्हायला लागतो. त्यातून वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर नुकसान दीडपटीवर जातं. ओळखायला सोपं आहे: तारेचं टोक ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं तर दुकानदाराला परत करा.

ही वायर 230 व्होल्टच्या पाईपमधून नेऊ द्यायची नाही. "एकच पाईप आहे, त्यातूनच ओढतो की," असं वायरमन हमखास म्हणेल. संदेश बिघडतात हे एक, आणि लाईटच्या वायरचं आवरण कधी सोललं तर पूर्ण व्होल्टेज बटणांपर्यंत येऊ शकतं हे त्याहून गंभीर. वेगळा 20 मिलिमीटरचा पाईप टाका, समांतर जात असेल तर एक फूट अंतर ठेवा, ओलांडायचं असेल तर काटकोनात. याच वेळी आई-वडिलांच्या झोपायच्या खोलीपर्यंत आणखी एक पाईप नुसती ओढतार घालून सोडून द्या. उद्या पलंगाजवळ दुसरा कीपॅड किंवा मदतीचं बटण हवं झालं तर भिंत फोडावी लागणार नाही. दोघंच राहणाऱ्या घरात ते आज ना उद्या लागतंच, माझा सल्ला आत्ताच लावून घ्या असा आहे.

बॉक्समध्ये वायर वीतभर जास्त सोडा. पाईप वरून उतरत असेल तर वायरला खाली वळसा देऊन मग वर जोडा, म्हणजे पाईपातून आलेलं पाणी तारेवरून सर्किटवर न जाता वळशावरून खाली ठिबकेल. सगळं जोडून तपासल्यावर पाईपचं तोंड बंद करायचं, याचा कंटाळा करू नका. मुंग्या, झुरळं आणि पाली सगळ्यांना कीपॅडमागची ऊब आवडते. तोंड बंद करायला डक्ट पुट्टी चांगली. सिलिकॉन वापरणार असाल तर ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो वापरू नका, त्यातून सुटणारं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेला घ्या.

टेपबद्दल. वायरिंगच्या कीपॅडला टेप नाही म्हणजे नाही. वायरलेस असेल तर पाच-सहा दिवस टेपवर ठेवून सिग्नल तपासा, तोही पाऊस चालू असताना तपासता आला तर बरं, कारण भिजलेली जाड जांभ्याची भिंत सिग्नल जास्त अडवते. जागा पक्की झाली की स्क्रूच. दमट दिवसांत चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या रंगावरची टेप रंगासकट सुटते.

पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्यासमोर मेन स्विच बंद करायला लावा, तासभर बॅटरीवर चालू द्या, सायरन वाजवून बघा आणि त्याच वेळी कीपॅडच्या टोकाला मीटर लावून व्होल्टेज लिहून घ्या. कंपनीकडून आलेला मूळ कोड आणि बसवणाऱ्याचा इन्स्टॉलर कोड दोन्ही बदला. नवा इन्स्टॉलर कोड पाकिटात बंद करून कपाटात ठेवा. कुठल्या रंगाची तार कुठं जोडली त्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये हवा, पुढच्या दुरुस्तीला येणारा माणूस दुसराच असेल.

कीपॅड भिंतीवर चढवायचा तो रंगाचा शेवटचा हात झाल्यावर. तोपर्यंत बॉक्सवर कोरं झाकण लावून ठेवा, पुट्टी घासतानाची पांढरी धूळ बटणांखाली गेली की निघत नाही. आणि पुढं दरवर्षी गणपतीच्या आधी घर रंगवायला काढाल तेव्हा रंगाऱ्याला कीपॅडला हात लावू देऊ नका. आधी तंत्रज्ञाला फोन करून पॅनल सर्व्हिस मोडवर घ्या, मग कीपॅड काढून पिशवीत बांधा. नाहीतर टॅम्पर सुटेल, भरदुपारी सायरन वाजेल, आणि शिडीवरचा माणूस दचकून खाली येईल.